प्रिंटर लागला, पण ड्रायव्हर काढल्यावर

स्क्रीनवर ‘कम्प्लिटेड’ लिहिलेलं आणि ट्रे रिकामा. लिनक्सवर प्रिंटर लावताना सगळ्यात जास्त डोकं उठवतो तो हा प्रकार. एरर आली तर निदान तिचं शेपूट धरून पुढं जाता येतं. इथं संगणक छातीठोकपणे सांगत होता की काम झालं, आणि प्रिंटर हिरवा दिवा लावून गप्प बसला होता.

यंत्र तसं साधंच. काळी-पांढरी छपाई, स्कॅन आणि कॉपी करणारा छोटा लेझर प्रिंटर. यूएसबी आहे, वायफायही आहे. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं ते बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रांबाबत होतं. डेस्कटॉपवरचं विंडोज काढून डेबियन हे लिनक्स टाकलं तेव्हा आवाज, ब्लूटूथ, दुसरा मॉनिटर असं सगळं मुकाट चालू झालं. प्रिंटर तेवढा सेटिंग्जमधल्या यादीत येईचना. फोनवरून त्याच प्रिंटरवर प्रिंट मात्र बिनबोभाट निघत होती. खरी मेख या फोनच्या गोष्टीतच होती, पण ती माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

लिनक्समध्ये मुरलेल्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “यादीत नाही आला तर राहू दे. प्रिंटरचा आयपी काढ आणि हाताने लाव. ॲपसॉकेट, पोर्ट ९१००, ड्रायव्हर जेनेरिक पीसीएल. पाच मिनिटांचं काम आहे रे.” म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता देऊन मजकूर सरळ त्याच्याकडे ढकलायचा. हा नुसखा त्याने अनेक वर्षं, अनेक ऑफिसांमध्ये वापरलेला. मोठ्या नेटवर्क प्रिंटरवर तो आजही चालतो.

लिनक्सवर छपाईचा कारभार कप्स नावाच्या सेवेकडे असतो. मायकेल स्वीट यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी ती लिहायला घेतली. पुढं ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस एक्सच्या १०.२ आवृत्तीत ती घेतली, म्हणजे मॅकवरची प्रिंटही याच वाटेने जाते. कप्सचं स्वतःचं एक पान असतं. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ टाकलं की ते उघडतं. दिसायला जुनाट आहे, पण डेस्कटॉपच्या चकचकीत सेटिंग्ज जे लपवतात ते इथं उघड दिसतं. प्रिंटर जोडायला गेलो तर नाव-पासवर्ड मागितला आणि तो दिल्यावरही ‘फॉरबिडन’. डेबियनवर हे काम करायला आपलं खातं ‘एलपीॲडमिन’ या गटात असावं लागतं. गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत आत यावं लागतं, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही.

कप्समध्ये लावलेल्या प्रत्येक प्रिंटरला रांग म्हणतात. मित्राच्या सांगण्याप्रमाणे तशी रांग तयार केली, चाचणी पान पाठवलं आणि तेच झालं: ‘कम्प्लिटेड’, कागद नाही.

याचा खुलासा सोपा आहे, पण कुठं लिहिलेला सापडत नाही. ९१०० हे पोर्ट म्हणजे नुसतं नळकांडं. कप्स त्यात बाइट ओततो, सगळे बाइट गेले की त्याच्या दृष्टीने जॉब, म्हणजे छपाईचं ते काम, पूर्ण. पलीकडे त्या बाइटचं काय झालं हे कप्सला कुणी कळवत नाही, आणि तो विचारतही नाही. माझा प्रिंटर स्वस्तातल्या लेझर यंत्रांपैकी. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरशी बोलायच्या प्रचलित भाषा, पण अशा बऱ्याच यंत्रांना पीसीएल कळत नाही, पोस्टस्क्रिप्टही नाही. त्यांना कंपनीच्या स्वतःच्या ठेवणीतलं, आधीच ठिपक्यांत उतरवलेलं चित्र लागतं. समजत नसलेली भाषा आली की काही यंत्रं पानंच्या पानं अगम्य अक्षरं ओकतात. माझं यंत्र सभ्य निघालं. ते न बोलता सगळं टाकून देत होतं. तेव्हा ‘कम्प्लिटेड’ याचा अर्थ ‘पाठवलं’ एवढाच घ्यायचा, ‘छापलं’ असा नाही. तो जॉब कुठल्या वाटेने गेला यावर त्या शब्दाची किंमत ठरते.

मित्र म्हणाला, “मग कंपनीचाच ड्रायव्हर टाक. आणि वायफायच्या नादी लागू नकोस, केबल लाव.”

केबल लावली. लावल्या लावल्या कोपऱ्यात सूचना आली की प्रिंटर जोडला गेला, आणि यादीत एक नाव आपोआप उगवलं. मॉडेलचं नाव आणि पुढं कंसात ‘यूएसबी’. मी तिकडं ढुंकून पाहिलं नाही. विंडोजच्या सवयीने डोक्यात एवढंच की आपोआप लागलेलं ते तात्पुरतं, खरा ड्रायव्हर कंपनीचा. कंपनीच्या साइटवर लिनक्ससाठी ‘डेब’ पॅकेज, म्हणजे डेबियनवर टाकायचा गठ्ठा, होतं. ते टाकलं, त्याने आपली वेगळी रांग तयार केली. आता यादीत तीन नावं झाली, यंत्र एकच. आयपीवाली रांग आधी काढून टाकली.

कंपनीच्या रांगेत पान पाठवलं. या वेळी निदान तक्रार आली: ‘फिल्टर फेल्ड’. फिल्टर म्हणजे छापायचा मजकूर पुढच्याला कळेल अशा रूपात बदलणारा छोटा प्रोग्रॅम. हा एक शब्दप्रयोग शोधला तर लिनक्स छपाईचं अर्धं दुःख बाहेर येतं, आणि बहुतेक उत्तरं ‘ड्रायव्हर काढून परत टाका’ अशी असतात. मी काढून परत टाकला. अर्थातच काही बदललं नाही.

मग टर्मिनल उघडलं. ‘एलपीस्टॅट -टी’ ही आज्ञा दिली की कप्सची एकूण तब्येत कळते: सेवा चालू आहे का, कुठली रांग कुठल्या पत्त्याला जोडलेली आहे, कुठली रांग जॉब घेतेय आणि कुठली थांबलीय. यात एक बारकावा आहे. रांग जॉब स्वीकारते का, हे वेगळं आणि ती ते पुढं पाठवते का, हे वेगळं. दोन्हीसाठी वेगवेगळ्या आज्ञा आहेत, ‘कप्सॲक्सेप्ट’ आणि ‘कप्सएनेबल’. पुढचं दार उघडं आणि मागचं बंद असेल तर जॉब आत येऊन साचत राहतात आणि माणूस परत परत प्रिंटचं बटण दाबत राहतो. पुष्कळ ठिकाणी असं ठरवलेलं असतं की एखाद्या जॉबला पाठवताना गडबड झाली की रांगच थांबवायची. मग मूळ अडचण मिटली तरी रांग कुणी हाताने चालू करेपर्यंत तशीच बसते. कित्येकांचा ‘बिघडलेला’ प्रिंटर म्हणजे फक्त ही थांबलेली रांग असते. माझी तशी नव्हती. ती चालू होती आणि फिल्टरपाशी मरत होती.

कप्सची नोंदवही ‘/व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग’ इथं असते. एरवी ती मितभाषी. ‘कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ असं सांगितलं की ती बोलकी होते, इतकी की एका पानासाठी शेकडो ओळी. त्यामुळं आधी बोलकी करायची, एकच जॉब पाठवायचा, आणि लगेच ‘--नो-डीबग-लॉगिंग’ देऊन गप्प करायची. जॉबचा क्रमांक धरून ओळी चाळल्या की सगळा प्रवास दिसतो. डेस्कटॉपवरून आलेला पीडीएफ, त्यावर पानांची मांडणी लावणारा फिल्टर, मग घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने केलेलं चित्र, शेवटी कंपनीचा फिल्टर, आणि त्यापुढं बॅकएंड, म्हणजे प्रत्यक्ष केबलवर बोलणारा. प्रत्येक कडीचं नाव आणि ती कशी संपली ते. माझी साखळी कंपनीच्या फिल्टरपर्यंत ठणठणीत येत होती. तिथं एक ओळ होती: अमुक फाइल, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

फाइल तर तिथंच होती! ‘एलएस’ने दाखवली, चालवायची परवानगीही होती. तिचं पूर्ण नाव टाकून थेट चालवून पाहिली, तरी शेल म्हणतोय की अशी फाइल नाही. डोळ्यासमोर दिसणाऱ्या वस्तूबद्दल असं ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा असते, ती कुठल्याही फाइलचा प्रकार सांगते. तिने सांगितलं: ३२ बिटची बायनरी, म्हणजे तयार बांधलेला प्रोग्रॅम, आणि ती चालवण्यासाठी ‘/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२’ हा लोडर हवा. माझी यंत्रणा ६४ बिटची आणि तो लोडर तिच्यावर नाही. म्हणजे ‘नो सच फाइल’ ही तक्रार फिल्टरबद्दल नव्हतीच, त्याला चालवणाऱ्याबद्दल होती. फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन्हीसाठी एकच वाक्य वापरतो. कंपनीने कधीकाळी ३२ बिटांच्या जमान्यात बांधलेली बायनरी तशीच नव्या पॅकेजात भरून दिली होती, आणि ती लागण्यासाठी काय हवं हे पॅकेजात लिहायचं राहून गेलं होतं. सोर्स दिलेला नसल्याने ६४ बिटांसाठी ती दुसऱ्या कुणाला बांधताही येत नाही.

‘फाइल’चं नाव निघालंच आहे तर थोडं वाकड्या वाटेने जातो. २००९ च्या सुमारास उबुंटूवर एक तक्रार गाजली होती: ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. तक्रार करणाऱ्याच्या बायकोने ती वाराची लय ओळखली होती, आणि ती बरोबर निघाली. छपाईसाठी तयार झालेल्या पोस्टस्क्रिप्टमध्ये तयार केल्याची तारीख असते. प्रिंटरची एक स्क्रिप्ट ‘फाइल’ला विचारत असे की हे नक्की काय आहे, आणि मंगळवारच्या तारखेतली ‘टी-यू-ई’ ही तीन अक्षरं ठरावीक जागी दिसली की ‘फाइल’ तो दस्तऐवज एर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेची फाइल म्हणून ओळखत असे. बुधवारी सगळं ठीक. साखळीतली एखादी कडी अशी हळव्या मनाची असली की बाकीच्या कड्या कितीही तपासा, हाती काही लागत नाही.

३२ बिटांचा प्रश्न मिटवणं अवघड नव्हतं. डेबियनला सांगायचं की ‘आय३८६’ ही दुसरी, ३२ बिटांची वास्तुरचनाही चालेल, पॅकेजांची यादी ताजी करायची आणि त्या रचनेची सी लायब्ररी टाकायची. फिल्टर पार झाला. नोंदवहीत पहिल्यांदाच साखळी शेवटपर्यंत गेली, आणि शेवटच्या कडीवर, यूएसबी बॅकएंडवर, येऊन थांबली: ‘वेटिंग फॉर प्रिंटर टू बिकम अव्हेलेबल’.

प्रिंटर चालू, केबल घट्ट, यूएसबीवरची यंत्रं दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’च्या यादीत मॉडेलसकट हजर. मग वाट कसली बघायची?

इथं मी त्या दुर्लक्षिलेल्या पहिल्या नावाकडे वळलो. केबल लावताच आपोआप उगवलेली ती नोंद कुणी तयार केली होती? ‘सिस्टमसीटीएल’ला चालू सेवांची यादी विचारली. त्यात ‘आयपीपी-यूएसबी’ नावाची एक सेवा होती. ती मी टाकली नव्हती. डेबियनने २०२१ मधल्या अकराव्या आवृत्तीपासून कप्सबरोबर तिची शिफारस सुरू केली, म्हणून ती न सांगता आली होती.

आता फोनची गोष्ट. फोनवर कुणी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकतं का? नाही, आणि तरी प्रिंट निघते. कारण २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं, पुढं प्रिंटर वर्किंग ग्रुपने २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक दिलं, आणि तेव्हापासून बहुतेक नवे प्रिंटर एक सामायिक भाषा बोलू लागले. संगणक प्रिंटरलाच विचारतो: तुला कुठले कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापता येतं का, चित्र कुठल्या ठेवणीत देऊ? प्रिंटर उत्तर देतो आणि त्यावरून रांग तयार होते. ड्रायव्हर लागतच नाही. हे बोलणं आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, या शिष्टाचाराने होतं, आणि कप्स मुळात त्याच शिष्टाचारावर उभा आहे. ६३१ हे पोर्टसुद्धा आयपीपीचंच.

हे वायफायवर झालं. ‘आयपीपी-यूएसबी’ तेच बोलणं केबलवरून घडवते. अलेक्झांडर पेव्झनर यांनी ती लिहिली आहे. यूएसबीवर प्रिंटर आपली ओळख वर्ग ७, उपवर्ग १ अशी देतो आणि त्यापुढं शिष्टाचाराचा आकडा असतो: १ आणि २ हे जुने, ४ म्हणजे केबलवरचं आयपीपी. ‘एलएसयूएसबी -व्ही’च्या लांबलचक उत्तरात माझ्या यंत्रापुढं ४ हा आकडा एकापेक्षा जास्त जागी होता. सेवा असं यंत्र दिसताच त्याचा ताबा घेते आणि संगणकाच्या आतच, बहुतेक वेळा ६०००० पासून पुढच्या पोर्टवर, त्याला नेटवर्क प्रिंटरचं रूप देते. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६००००’ टाकलं आणि केबलने जोडलेल्या प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं: टोनर किती उरलाय, आजवर किती पानं छापली, नेटवर्कची सेटिंग्ज, सगळं. वायफाय बंद असताना. हे बघून मला खरंच मजा वाटली.

आणि वाट बघण्याचं कारणही उलगडलं. यूएसबीवरच्या त्या जोडणीचा ताबा एका वेळी एकालाच मिळतो. ‘आयपीपी-यूएसबी’ने तो घेतलेला, म्हणून कंपनीच्या रांगेचा बॅकएंड दाराबाहेर ताटकळत उभा. दोघंही आपापलं काम चोख करत होते. इंटरनेटवर यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे ‘आयपीपी-यूएसबी’ बंद करा. जुन्या यंत्रांना, किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय ज्यांची फॅक्ससारखी एखादी सोय चालतच नाही अशांना, तो योग्य असेलही. पण मला तो उलटा वाटला. चालणारी, मोकळी, देखभाल होणारी गोष्ट बंद करून ३२ बिटांच्या बंद डब्याला जागा करून द्यायची, ती कशासाठी?

मी कंपनीचं पॅकेज मुळासकट काढलं, त्याच्यासाठी आणलेली ३२ बिटांची लायब्ररीही काढली. ‘एलपीस्टॅट -ई’ने दिसणारे सगळे प्रिंटर विचारले; आपोआप आलेलं एकच नाव उरलं होतं. त्यावर पान पाठवलं आणि प्रिंटरने घशातून तो ओळखीचा आवाज काढून कागद ओढला.

आपोआप आलेली रांग तात्पुरती असते. हवी तेव्हा उभी राहते आणि नंतर मावळते. मला कायमची हवी होती म्हणून ‘एलपीॲडमिन’ या, गटाचंच नाव असलेल्या, आज्ञेने केली: ‘-पी’ पुढं नाव, मग ‘-ई’, ‘-व्ही’ पुढं पत्ता, आणि ‘-एम एव्हरीव्हेअर’. यातला मोठ्या लिपीतला ‘-ई’ मोठा खट्याळ आहे. तो ‘-पी’च्या नंतर दिला तर रांग चालू करतो, आधी दिला तर त्याचा अर्थ होतो जोडणी कूटबद्ध करा, आणि रांग बंदच राहते. एकाच आज्ञेत एकाच अक्षराचे जागेप्रमाणे दोन अर्थ ठेवण्याची कल्पना कुणाला सुचली असेल कोण जाणे.

मित्राला कळवलं. तो म्हणाला, “म्हणजे पीपीडी लावलीच नाहीस?” पीपीडी म्हणजे प्रिंटरच्या गुणांची वर्णन-फाइल, त्याच्या काळात योग्य पीपीडी हुडकणं हीच अर्धी लढाई होती. आता कप्समध्ये जुन्या पद्धतीने ड्रायव्हर लावायला गेलं की कप्स स्वतःच बजावतो: प्रिंटर ड्रायव्हर ही पद्धत मोडीत निघाली आहे, पुढं एखाद्या आवृत्तीत चालणार नाही. ज्या जुन्या यंत्रांना आयपीपी येत नाही त्यांच्यासाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचे छोटे दुभाषे येत आहेत. ते एका बाजूने आयपीपी प्रिंटर असल्याचं भासवतात आणि दुसऱ्या बाजूने यंत्राशी त्याच्या भाषेत बोलतात. मित्राकडे असं एक जुनं धूड आहे. त्याची जुनी पीपीडी अजून चालते, म्हणून तो सध्या तिला हात लावणार नाही म्हणाला. मलाही ते पटलं.

राहता राहिलं वायफाय. केबलवर काम भागत होतं, पण फोनला दिसणारा प्रिंटर डेस्कटॉपला का दिसत नाही हे डोक्यातून जाईना. प्रिंटर नेटवर्कवर आपली दवंडी पिटतो, तिला एमडीएनएस म्हणतात. ती यूडीपी पोर्ट ५३५३ वर चालते आणि लिनक्सवर ती ऐकायचं काम अवाही ही सेवा करते. ‘आयपीपीफाइंड’ ही आज्ञा दिली की कानावर आलेले प्रिंटर छापून येतात. केबल काढून ही आज्ञा दिली तर उत्तर कोरं. अवाही तर चालू होती. मग फायरवॉल. या संगणकावर नेटवर्कवरून येणारं अडवणारी फायरवॉलडी आहे आणि नेटवर्क तिच्या ‘पब्लिक’ झोनमध्ये, म्हणजे अनोळखी नेटवर्कच्या नियमांत, पडलेलं. ‘होम’ झोनमध्ये एमडीएनएसला मुभा असते, ‘पब्लिक’मध्ये नसते. घरच्या नेटवर्कचा झोन बदलला आणि प्रिंटरचं नाव यादीत आलं. एवढंच होतं ते.

ज्यांच्याकडे यानेही भागत नाही त्यांनी राउटर बघावा. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर किंवा एकमेकांपासून उपकरणं तोडणाऱ्या सेटिंगमध्ये दवंडी पोचतच नाही. इंटरनेट दोघांनाही छान मिळत असतं, म्हणून तिकडं संशय जात नाही. प्रिंटर यादीत दिसतो पण प्रिंट पाठवताना नाव सापडत नाही अशी तक्रार आली, तर ‘.लोकल’ने संपणारी नावं उलगडणारं ‘लिबएनएसएस-एमडीएनएस’ हे पॅकेज आहे का ते बघायचं. आणि रांगेला कच्चा आयपी पत्ता देण्यापेक्षा ते ‘.लोकल’ नाव द्यावं. राउटरने पत्ता बदलला की आयपीवाली रांग अचानक मुकी होते.

‘कप्स-ब्राउझ्ड’ ही आणखी एक सेवा, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून त्यांच्या रांगा बनवणारी. ‘नो सुटेबल डेस्टिनेशन होस्ट फाउंड’ ही तिची ओळखीची तक्रार. तिने बनवलेली रांग उरते आणि रांगेमागचा प्रिंटर तिला गवसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षा संशोधक सिमोने मार्गारितेल्ली यांनी याच सेवेतल्या आणि तिच्या आसपासच्या गंभीर त्रुटी जाहीर केल्या. ती यूडीपी ६३१ वर कुणाचंही ऐकून घेत होती आणि सांगेल तो प्रिंटर मानत होती. दुरुस्त्या आल्या आहेत. पण एका घरगुती प्रिंटरसाठी ती लागतच नाही, तात्पुरत्या रांगा कप्स स्वतःच उभ्या करतो. मी ती बंद करून टाकली आणि काहीही अडलं नाही.

कागदाच्या मापाची एक खोडी मात्र शेवटी आली. काही प्रिंट व्यवस्थित येत, काहींना प्रिंटर पिवळा दिवा लुकलुकवत बसे आणि पुढं सरकत नसे. यंत्रणेची भाषा मी अमेरिकन इंग्रजी ठेवली होती, त्यामुळं काही प्रोग्रॅम आपोआप ‘लेटर’ माप धरत होते: २१६ बाय २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए-४, म्हणजे २१० बाय २९७. प्रिंटर प्रामाणिकपणे लेटर कागदाची वाट बघत होता. भाषा तशीच ठेवून फक्त ‘एलसी_पेपर’ हा घटक ए-४ वापरणाऱ्या देशाचा केला आणि रांगेला ‘एलपीऑप्शन्स’मधून ‘मीडिया=ए४’ लावून दिलं.

मराठी मजकुराबद्दल एक सांगायला हवं. लिबरऑफिस किंवा ब्राउझरमधून देवनागरी नीट छापली जाते, कारण तिथून कप्सकडे पीडीएफ जातो आणि जोडाक्षरं आधीच जुळलेली असतात. पण साध्या मजकुराची फाइल टर्मिनलवरून थेट ‘एलपी’ला दिली तर ती पीडीएफमध्ये बदलणारा फिल्टर अक्षरं फक्त एकापुढं एक मांडतो. माझ्याकडे ‘क्षितिज’ छापून आलं ते मोडक्या ‘क’ आणि ‘ष’च्या मधे लोंबणाऱ्या पायमोडीसह, आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला. तेव्हा मराठी मजकूर एखाद्या एडिटरमध्ये उघडून तिथून प्रिंट मारलेली बरी.

स्कॅनरला काही करावंच लागलं नाही. ‘सेन-एअरस्कॅन’ नावाचं पॅकेज, तेही पेव्झनर यांचंच, आधीच यंत्रणेत होतं. ते याच ड्रायव्हरविरहित पद्धतीने स्कॅनरशी बोलतं, वायफायवरही आणि ‘आयपीपी-यूएसबी’तून केबलवरही.

कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर एकच गोष्ट गेली: टोनर बचतीची खूण. ती आता प्रिंटच्या खिडकीत येत नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या पानावर, त्या ६००००वाल्या पत्त्यावर, ती आहे. तिथं चालू केली की फोनवरून येणाऱ्या प्रिंटही फिकट निघतात. एखादं पान गडद हवं असेल तर आधी तिथं जाऊन ती बंद करायची, पान काढायचं आणि परत चालू करायची.